विंगेतलं स्टूल मी सोडणार नाही

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते, ह्यांना विचारा. सरळ व्हायला त्यांचाच हात लागला.) तुमची कंबर, थोरल्या भाऊजींचा खोकला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी गॅलरीत पाणी सांडण्यावरून चाललेलं तुमचं युद्ध, तिन्हींची प्रकृती कशी आहे ते कळवावं. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा हरवलेला चष्मा सापडला. फ्रीजमध्ये होता. तिथे तो काय वाचत होता ते मी विचारलं नाही.

तुमचा निरोप केव्हाच पोचला. तुम्ही हल्ली लिहीत नाही, फोनमध्ये बोलून पाठवता. ऐकायला बसले तेव्हा हातातला चहा कढत होता. तो गार झाला तरी निरोप चालूच होता. लगेच फोन करणार होते, पण तुमच्यापुढे माझ्या तोंडून 'हो' आणि 'बरं' याखेरीज काही निघत नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासूनची ही सवय आता मोडायची नाही. कागदावर मात्र मी शूर आहे. तेव्हा तुमचा आदर पूर्ण राखून सांगते, की नाटकमंडळीतलं माझं काम मी सोडणार नाही, 'ते फुकटातलं सॉफ्टवेअर' काढून टाकणार नाही, आणि 'या वयात' हे शब्द मला उद्देशून वापरण्यापूर्वी आपल्या दोघींत मोठं कोण याचा आपण थोडा विचार करावा.

आता झालं काय ते पहिल्यापासून ऐका. तुम्हाला ते ह्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलंय, आणि ह्यांचे तुकडे कधी जुळत नाहीत. आमच्या हौशी मंडळीत मी आवाज काढते. (गाण्याचे नव्हेत. तुम्ही एकदा शेजारणीला 'आमची धाकटी नाटकात गाते' असं सांगून ठेवलंत, त्यानंतर त्या माउलीने मला किती समारंभांत उभं केलं ते आठवलं की अजून घाम फुटतो.) उजव्या विंगेत माझं उंच स्टूल आणि शेजारी खिळ्याला टांगलेला भला मोठा पत्रा. पत्रा हलवला की आभाळ गडगडतं. परातीत खडी, तिच्यावर जुने बूट दाबले की फाटकातून कुणीतरी येतं. एका फळीला नुसतीच कडी ठोकलेली आहे, ती सरकवली की घर बंद. कित्येक वर्षं त्या स्टुलावर बसून मी वादळं आणली, पाहुणे आणले, मध्यरात्री डॉक्टर आणले. प्रेक्षकांना मी कधी दिसले नाही आणि दिसायचंही नव्हतं. अंधारात बसून दुसऱ्याचं घर खरं करायचं, यासारखं सुख नाही हो. सांगूनही कळायचं नाही.

आमचे दिग्दर्शक दातांचे डॉक्टर आहेत. माणूस सज्जन, पण ज्यांना उलट बोलता येत नाही अशांशीच दिवसभर बोलायची सवय. त्यांनी यंदा नवं नाटक काढलं. एका सुनेची गोष्ट. त्यातली सासू रंगमंचावर येतच नाही, नुसती आतून बोलते, आणि तिच्या आवाजावर सगळं घर उठतं-बसतं. मागे एक खिडकी, तिच्यात प्रोजेक्टरने ऊन, ढग, तिन्हीसांजा दाखवायच्या. पहिल्याच बैठकीत डॉक्टर म्हणाले की आता पत्रा पुरे, सगळं संगणकावर, आणि त्यासाठी बाहेरून माणूस येईल. तो आलाच होता. चाकांची काळी पेटी घेऊन कोपऱ्यात बसला होता. तिला कुलूप होतं. (आम्ही त्यांना पेटीवाले म्हणतो. आत काय आहे ते विचारलं की हसतात.) मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि ज्या स्वरात 'आता अजिबात दुखणार नाही' म्हणतात त्या स्वरात म्हणाले, की तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आराम करा, पास देतो.

पास. मला. जाऊबाई, ज्या बाईने स्वयंपाकघरात उभी हयात घालवली तिला कुणी म्हणावं की आता तुम्ही पंगतीला बसा आणि इकडे फिरकू नका, तसं वाटलं. कॉन्व्हेंटात, सिस्टरांच्या शाळेत शिकले म्हणून आवाज चढवला नाही. शांतपणे उभी राहिले (पाठ ताठ, हात पुढे बांधलेले) आणि सांगितलं की संगणकाचं काम मी करीन. मंडळीत हेही आहेत. ह्यांनी तर छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी अट घातली, की रंगीत तालमीपर्यंत सगळं चाललं पाहिजे, आणि सासूचा आवाजही मीच आणला पाहिजे. नाही तर स्टुलावर पेटीवाले. मी 'ठीक' म्हटलं आणि घरी येऊन संगणक म्हणजे काय ते बघायला लागले.

भाचेसुनेने टाकून दिलेला लॅपटॉप होता, आणि नाटकासाठीचं एक सॉफ्टवेअर मिळालं, ज्याला कुलूप नाही. तुम्ही 'फुकटचं ते पुळचट' म्हणालात, म्हणून थोडं समजावून सांगते. आमच्या सिस्टर विणकाम शिकवायच्या तेव्हा एक नियम होता: नमुना कुणी मागितला तर द्यायचा, लपवायचा नाही. ज्याला हवं त्याने गळा बदलावा, बाह्या आखूड कराव्या. मात्र पुढे देताना मूळ नमुना कुणाचा ते सांगायचं. हे अगदी तसंच आहे. देशोदेशीच्या माणसांनी बसून विणलंय आणि नमुन्यासकट देऊन टाकलंय. वाटलं, ही तर आपलीच शाळा.

पण ते चढवण्यासाठी लॅपटॉप पुसून नव्याने सुरू करताना पहिल्याच पायरीवर मी आपटले. यंत्राने विचारलं, कीबोर्ड कोणता? पुढे भलीमोठी यादी. त्यात फ्रेंच दिसलं आणि मला आमच्या फ्रेंचच्या सिस्टर आठवल्या. दुपारच्या तासाला खिडकीशी उभ्या राहून म्हणायला लावायच्या, आणि मी चुकले की रागवायच्या नाहीत, फक्त डोळे मिटून घ्यायच्या. मी प्रेमाने फ्रेंच निवडलं. मला वाटलं, दोन-चार अक्षरांवर टोप्या येतील, छान दिसेल. तर फ्रेंच लोक अक्षरं वेगळ्याच जागी ठेवतात! डोळे मिटून टाइप करायला शिकलेली मी. बोटं आपल्या जुन्या रस्त्याने चालली आणि पडद्यावर भलतंच उमटत गेलं. पासवर्डाच्या जागी तर नुसते ठिपके, काय उमटलं तेही दिसेना. पुढे कीबोर्ड दुरुस्त केला, तर आता माझा खरा पासवर्ड त्याला पटेना, कारण त्याने फ्रेंच पासवर्ड मनात धरला होता. माझंच यंत्र मला दारात उभं करून 'कोण तुम्ही' विचारायला लागलं.

इंटरनेटवर या सॉफ्टवेअरवाल्यांची प्रश्न विचारायची जागा आहे. तिथे लिहिलं. पद्धतशीर लिहिलं, आदरणीय महोदयपासून आपली नम्रपर्यंत, मध्ये सिस्टरांची हकीकत. एका गृहस्थांनी उत्तर दिलं (नाव नाही, कंदिलाचं चित्र आहे, म्हणून मी त्यांना कंदीलराव म्हणते), की अख्खं पत्र दोनदा वाचलं, सिस्टर फार आवडल्या, आणि नेमका प्रश्न कोणता? मग त्यांनीच युक्ती सांगितली. पुढे म्हणाले, आता माहितीपुस्तिका वाचा. हे ते सगळ्यांनाच सांगतात म्हणे आणि कुणी वाचत नाही. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, कारण पुस्तक मधूनच उघडणं आमच्या शाळेत असभ्य मानत. एका ठिकाणी एक पायरीच गाळली होती. मी कळवलं. त्यांनी ती माझ्या शब्दांत घातली. जगात कुणी कुठेही ती पुस्तिका उघडली तर त्यात एक परिच्छेद तुमच्या धाकट्या जावेचा आहे. हे थोरल्या भाऊजींना आवर्जून सांगा. लग्नानंतर मी पुढे शिकायचं म्हटलं तेव्हा 'काय उपयोग' असं ते म्हणाले होते, त्यांच्या लक्षात नसेल, माझ्या आहे.

सॉफ्टवेअरचं काम मात्र देखणं. नाटकातला एकेक आवाज, एकेक चित्र ओळीने मांडून ठेवायचं. वेळ आली की स्पेसबार, म्हणजे कीबोर्डावरची सगळ्यांत लांब पट्टी, दाबायची. दाबली की ओळीतलं पुढचं वाजतं. पुन्हा दाबली की त्याच्या पुढचं. बस. आपली कडी, आपली खडी, सगळं फोनवर टिपून घेतलं आणि फोनमधले सगळेच्या सगळे आवाज एका दमात लॅपटॉपवर लोटले. नको ते नंतर निवडून काढू म्हटलं. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

पहिल्या जोडणीच्या दिवशी गडगडाट लावला, तर मोठ्या स्पीकरांतून हूं की चूं नाही. कुठून तरी उंदीर कागद कुरतडावा तसा आवाज येत होता. शोधलं तर लॅपटॉप आपलं आभाळ प्रोजेक्टरच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरमधून गडगडवत होता. पेटीवाले कोपऱ्यातून हसले. मी त्यांच्याकडे पाहून मान लववली, जणू मला तेच हवं होतं. मग खिडकीतलं चित्र. नायिका (शाळेत गणित शिकवते, चेहऱ्यावर बाराही महिने गणितच असतं) नवऱ्याला सांगतेय की माझ्या आयुष्यात काय उरलं, आणि मागे संध्याकाळच्या आभाळात, तिच्या डोक्याच्या बरोब्बर वर, पाटीभर अक्षरांत उमटलं: 'आपली दातसफाई राहिली आहे. कृपया लवकर भेटा.' डॉक्टरांच्याच दवाखान्याची आठवण हो! माझ्या ईमेलवर आलेली. मंडळी खुर्च्यांवरून घसरायची राहिली. डॉक्टर खवळले, पण नेमकं कुणावर खवळायचं ते त्यांना ठरवता येईना, कारण मजकूर त्यांचाच होता. मी ईमेल बंद केलं आणि सांगितलं की पुढच्या आठवड्यात येते.

सासूच्या आवाजाचं मात्र जमेना. मंडळीतल्या सगळ्या बायकांकडून बोलून घेतलं. एकीचं ऐकून कुणीतरी आजारी आहे असं वाटे, दुसरीचं ऐकून पत्ता विचारायला कुणी आलंय असं. पेटीवाल्यांनी त्यांच्या एका व्यावसायिक बाईंचा आवाज ऐकवला. मधासारखा. फलाटावर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगावं तसा. तो चालू असताना आमची नायिका नखं बघत होती. पण डॉक्टर म्हणाले, हा तयार आहे, तुमचा कुठाय?

आली रंगीत तालीम. आता आमच्या मंडळीतली एक रीत सांगायला हवी. रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी माझ्या पत्र्याला बोटाने हलकी टिचकी मारायची. का, कुणाला ठाऊक नाही. एकाने एकदा मारली नव्हती आणि तो पूर्ण अंकभर भलत्याच नाटकातली वाक्यं बोलत राहिला, तेव्हापासून कुणी चुकत नाही. मी काय केलं, पत्रा खाली काढून ठेवला आणि नेमक्या त्याच जागी, त्याच उंचीवर, उंच लाकडी घोड्यावर लॅपटॉप मांडला. त्या अंधारात कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. हात मात्र आपल्या वहिवाटीने गेले, थेट त्या लांब पट्टीवर.

नायक विंगेत आला, टिचकी मारली आणि रंगमंचावर गेला. लख्ख सकाळी आभाळ फाटलं. मी संहितेत डोकं घालून बसले होते, दचकून वर पाहिलं तर जवळ कुणी नाही. मोलकरीण आली, टिचकी, आणि कुत्रा भुंकला. डॉक्टर अंधारातून म्हणाले की घरात कुत्रा नाही. मी म्हटलं, शेजाऱ्यांचा आहे. पोस्टमन आला, टिचकी, खिडकीत रात्र झाली. तो बिचारा 'नमस्कार, सकाळी सकाळी आलो' म्हणाला. पेटीवाले आपली पेटी हळूच चाकांवर घेऊन पुढे सरकले, ते मी डोळ्यांच्या कडेने पाहिलं. पाचावर धारण बसली. सिस्टरांचा देव, आपला देव, कंदीलराव, सगळ्यांना हाका मारल्या. आणि तेवढ्यात आमच्या ह्यांची एंट्री. हे शेजारी झालेत. ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत; कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघणार. ह्यांनी टिचकी मारली, आवाज पत्र्यासारखा आला नाही म्हणून पुन्हा मारली, आणि समाधान होईना म्हणून मारतच राहिले. ओळीतले आवाज भराभर पळाले आणि पार टोकाला, जिथे मी नको ते निवडायचं ठेवलं होतं, तिथे जाऊन थांबले.

आणि जाऊबाई, नाटकगृहाच्या चारही स्पीकरांतून तुम्ही बोललात.

"अगं, ऐकतेयस का? की बसलीस पुन्हा त्या यंत्रापुढे? ऊठ आधी! चार माणसांची नसेल तर निदान स्वतःच्या गुडघ्यांची तरी लाज बाळग."

नायिका उठून उभी राहिली. तिला उठायचं नव्हतं, संहितेत ती आणखी दोन पानं बसलेली आहे. हातातली बशी खाली ठेवली, केस सारखे केले आणि आतल्या दाराकडे अशी बघायला लागली, जणू सासू आता बाहेर येणारच. नायकाने पाय टेबलावरून खाली घेतले. पोस्टमनने टोपी काढली. हे तर तसेच मागल्या मागे विंगेत परत आले आणि माझ्या पाठीशी उभे राहिले. तुम्ही बोलत होतात, की दूध कोण बघणार, नवरा कोण बघणार, सगळं आयुष्य दुसऱ्याच्या घरातले आवाज काढण्यात गेलं, आता स्वतःच्या घरात आवाज कर. कुणी हललं नाही. मी थांबवायला बोट पुढे नेलं होतं, तेही तसंच राहिलं. मला आपलं जुनं घर दिसलं. तुम्ही स्वयंपाकघरातून हाक मारायचात, ती दोन दारं आणि एक जिना ओलांडून गच्चीवर यायची, आणि मी हातातलं पुस्तक उलटं टाकून धावत सुटायचे. आपली घरं वेगळी झाल्यापासून कुणी तशी हाक मारली नाही मला. ह्यांचा आवाज आमच्याच स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

निरोप संपल्यावर डॉक्टर उठले. एरवी ते खुर्चीत बसूनच बोलतात, त्या दिवशी उभेच राहिले. "कोण आहेत या बाई?" मी म्हटलं, "माझ्या थोरल्या जाऊबाई." ते म्हणाले, "हाच आवाज." पेटीवाल्यांनी मला हळूच विचारलं की हे कोणत्या स्टुडिओत केलंत. मी म्हटलं, आमच्या घरात.

आता पत्रा परत खिळ्यावर आहे, लॅपटॉप पलीकडच्या बाजूला, आणि मी दोन्हींच्या मध्ये. सगळं चालतंय. तेव्हा तुम्ही कितीही रागावलात तरी मी मागे हटायची नाही. मला कुणाच्या मदतीची गरज नाही आणि कुणाच्या परवानगीचीही. थोरल्या भाऊजींना नमस्कार. कंबरेला शेक घेत जा.

तुमची
धाकटी

ता. क. परवानगीची गरज आहे. मघाशी नियम सांगितला ना, नमुना कुणाचा ते सांगायचं. मग त्याला विचारायचं हेही ओघानेच आलं. कंदीलरावांना मी अभिमानाने सगळं कळवलं, तर त्यांनी पहिला प्रश्न तोच केला, की त्या बाईंना विचारलंत का? मी दिवसभर उत्तर दिलं नाही. तर विचारते आहे. तुमचा तो निरोप नाटकात घेऊ का? कार्यक्रमपत्रिकेवर 'आतला आवाज: थोरल्या जाऊबाई' असं छापू. तुम्हाला नको असेल तर काढून टाकीन, मग डॉक्टर काहीही म्हणोत.

ता. क. २. आता ताकाला आलेच आहे तर भांडं कशाला लपवू. हा निरोप पहिल्या अंकालाच पुरतो. दुसऱ्या अंकातही सासू बोलते, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की तो आवाज आला नाही तर दोन्ही अंकांना मधवाल्या बाई आणि स्टुलावर पेटीवाले. म्हणजे मी नुसतीच ऐट केली, स्टूल तुमच्या हातात आहे. तर कृपा करून माझ्यावर आणखी एकदा रागवावं. हे पत्र वाचून आपोआप रागवाल असा अंदाज आहे, म्हणून जरा जास्तच उद्धट लिहिलंय. रागवताना पंखा बंद ठेवा, कुकर उतरवून घ्या, आणि वरच्या बाईंचा विषय मध्ये आणू नका. मुद्दे सुचले नाहीत तर भाऊजींना विचारा, त्यांच्याकडे माझ्याबद्दल साठा असेल. तालमीसारखं बोलू नका मात्र. खरंच रागवा.

ता. क. ३. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुमचं बोलून झालं, पण निरोप थांबवायचं बटण तुम्हाला सापडलं नाही. भांड्याचा आवाज येतो, मग भाऊजी काहीतरी विचारतात आणि तुम्ही त्यांना म्हणता, "ऐकायची नाही हो ती. पण करील नीट." तालमीत तो भाग वाजायच्या आत माझं बोट पट्टीवर पडलं होतं, त्यामुळे कुणी ऐकलेला नाही. तेवढा तुकडा मी कापून वेगळा ठेवलाय. नाटकात घातला नाही, कंदीलरावांना पाठवला नाही, ह्यांनाही ऐकवला नाही. नमुना वाटून टाकायच्या नियमात तो बसत नाही असं मी ठरवलं आहे. तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे अर्धं काम केलंय, तुमचं ऐकलेलं नाही. उरलेलं अर्धं रविवारच्या प्रयोगाला पडदा वर गेला की करते.